ट्रेनिंगचा बाँड सही करण्याआधी कसा वाचावा

ट्रेनिंगचा बाँड म्हणजे कंपनीशी लेखी करार: ट्रेनिंग देतो, त्याबदल्यात ठरलेली वर्षं नोकरी करा, नाहीतर पैसे भरा. वाळूजच्या कारखान्यांत कुणाच्या हातात असा बाँड पडला की चहाच्या टपरीवर दोन वकील तयारच असतात. एक म्हणतो, 'कर सही बिनधास्त, कोर्टात टिकत नाही.' दुसरा म्हणतो, 'मधेच सोडलं तर पोलीस घरी येतील.' दोघांचंही ऐकू नका. मी स्वतः असे तीन बाँड भरलेत, पोरांचे तर किती वाचून दिले त्याची गणती नाही.

बाँड मोडणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. कंपनी तुम्हाला जबरदस्तीनं कामावर ठेवूही शकत नाही. पैसे मात्र मागू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख' ही अट वैध ठरवली. 'टिकत नाही' म्हणणाऱ्याला हे सांगा.

मसुदा हातात आला की एक रात्र मागून घ्या. एचआर म्हणेल, 'सगळे इथंच करतात.' करू द्या.

घरी बसून आधी रक्कम बघू नका, तारीख शोधा. मी इथंच आपटलो. माझ्या बाँडमध्ये 'प्रशिक्षण पूर्ण झाल्यापासून दोन वर्षे' असं होतं. पुण्यातलं ट्रेनिंग २१ दिवसांचं, म्हणून मी तिथून मोजत बसलो. कंपनीनं मोजलं सर्टिफिकेट हातात दिलं त्या दिवसापासून, आणि ते दिलं होतं सात महिन्यांनी. मी दोन वर्षं भरली समजून राजीनामा टाकला, तर त्यांच्या हिशेबात सात महिने बाकी. मागणी मात्र पूर्ण दीड लाखाची! वडील जामीनदार होते, त्यामुळे नोटीस थेट जिंतूरला घरी गेली. पोस्टमननं ती ओट्यावर सगळ्यांसमोर दिली. बाबा काही बोलले नाहीत, पण चार दिवस जेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणून 'पूर्ण झाल्यापासून', 'कायम झाल्यापासून' असले शब्द खोडायला लावा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, असे आकडे लिहून घ्या. तारखेचा आकडा टाकायला जी कंपनी कुरकुर करते, तिच्या बाँडवर सही करू नये, हे माझं ठाम मत.

तारखेनंतर रक्कम. दर महिन्याला ती उतरली पाहिजे. दीड लाख, २४ महिने, म्हणजे महिन्याला ६,२५०. माझ्या सात महिन्यांचे ४३,७५० झाले असते. पण बाँडमध्ये उतरण्याची ओळच नव्हती, मग कशाच्या जोरावर भांडणार? तरी भांडलो. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ म्हणतं की लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई देतं. शेवटी तडजोड झाली, पण फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) आणि रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) तोवर अडकून पडलं. ते टाळायचं तर फी, राहणं, प्रवास यांचा तपशील बाँडलाच जोडून घ्या. कँटीनशेजारच्या खोलीत तीन दिवस पीपीटी दाखवून दोन लाख लावले असतील, तर तिथंच विचारा. कंपनीनंच काढलं तर काही देणं लागणार नाही, ही ओळही हवी.

कोरा चेक कधीही देऊ नका. बाँड दिवाणी असला, तरी त्यापोटी दिलेला चेक वटला नाही की चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी होऊ शकते. 'पोलीस येतील' या भीतीत खरं काही असेल, तर ते एवढंच. मूळ मार्कशीट दाखवायची, ठेवायला झेरॉक्स द्यायची.

'सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही' या कलमावर डोकं खपवू नका. नोकरी सुटल्यावरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा उभी राहत नाही.

स्टँप पेपर ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० चा झालाय. तो खर्च कंपनीनं करावा, असं आधीच ठरवून घ्या. सही झाल्यावर प्रत्येक पानाचा फोटो काढा.

सोडायची वेळ आलीच तर राजीनामा ईमेलनं द्या आणि उरलेल्या महिन्यांचा हिशेब त्यातच लिहा. पैसे खात्यातून भरा, रोख नको. पावतीवर 'बाँडपोटी पूर्ण व अंतिम' असं लिहून घ्या आणि जामीनदाराच्या सहीची मूळ प्रत परत मागा.