कुंडलिनी जागी करायचीये? आधी श्वासाच्या दोन थांब्यांवर बसायला शिका

कुंडलिनी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती, कशी जागी करायची असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, दोन वेळचं जेवण नीट होतंय का आणि रात्री झोप लागते का. समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय, पण मी स्वतः उलट्या टोकाने सुरुवात करून भाजलोय म्हणून विचारतो.

झालं असं की सातेक वर्षांपूर्वी मी व्हिडिओ बघून भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास) आणि लांब कुंभक (श्वास कोंडून धरणं) सुरू केला, वर एकच वेळ जेवायचो, कारण साधकाने कमी खावं असं डोक्यात बसलेलं. दीड महिन्यात माकडहाडापाशी मुंग्या, मग पाठीतून वर चढणारी धग, बसलं की मान आपोआप गोल फिरायची, आणि आनंद इतका की रडू यायचं. मग झोप गेली. सलग तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, ऑफिसात समोरचा काय बोलतोय ते कळेना. शेवटी शक्तिपात (कृपेने शक्ती जागी होणं) मानणाऱ्या परंपरेतल्या एका काकांकडे गेलो, त्यांनी चक्रांबद्दल एक शब्द विचारला नाही, म्हणाले भस्त्रिका आजपासून बंद, उद्या डॉक्टरांना दाखवून ये आणि तूप घालून वरणभात खा.

तेव्हा हे फारच साधं वाटलं होतं. नंतर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय परत वाचला. माउलींची कुंडलिनी म्हणजे साडेतीन वेटोळी घालून निजलेली नागीण, आणि ती जागी होते तीच मुळी भुकेली, शरीरातलं मांस खाते, शरीराचे सातही धातू (रस, रक्त वगैरे) पिऊन टाकते! स्वतःच्या कुंडलिनीच्या अनुभवावर लिहिणाऱ्या काश्मीरच्या गोपी कृष्ण यांचंही तेच, 1937 साली जम्मूत ध्यानाला बसलेले असताना शक्ती उसळली आणि पुढे कितीतरी दिवस अंगाचा नुसता दाह, त्यांनीही सावरल्यावर वेळेवर खाण्यावर फार भर दिला. म्हणून उपाशी राहून हा अभ्यास करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

आता करायचं काय ते. विज्ञानभैरव या काश्मीरच्या शैव ग्रंथात 112 धारणा, म्हणजे ध्यानाच्या युक्त्या, आहेत, त्यातली पहिलीच घ्या, मला तिच्याइतकी सुरक्षित दुसरी सापडली नाही. सकाळी थोडं काहीतरी पोटात टाकून अर्ध्या तासाने पाठ सरळ ठेवून बसा, खुर्चीवर बसलात तरी चालेल. श्वास बाहेर जातो तो नाकापासून साधारण बारा बोटांवर विरतो, त्या जागेला द्वादशांत म्हणतात, आणि आत येतो तो हृदयाशी विरतो. दोन्हीकडे परत फिरण्याआधी तो क्षणभर थांबतो. तो थांबा फक्त बघायचा. लांबवायचा नाही, श्वास कोंडायचा नाही, इथेच सगळे चुकतात (मी पण चुकलो), कारण जरा शांत वाटलं की लगेच अजून हवं होतं आणि नकळत कुंभक सुरू होतो. पंधरा मिनिटं पुरे. काश्मीरचा शैव आचार्य क्षेमराज मध्यविकास (मधल्या जागेचं उमलणं) म्हणतो तो हाच, दोन टोकांमधली जागा आपणहून उमलते, आपण फक्त तिथे हजर राहायचं.

पहिले काही आठवडे बहुतेक काहीच होत नाही, मन भाजीच्या यादीत फिरतं, फिरू दे, परत थांब्यावर या. पुढे श्वास बारीक होतो, कधी अंग हलतं, झटका बसतो, हुंदका येतो, याला आपल्याकडे क्रिया म्हणतात. क्रिया आली तर अडवू नका आणि मुद्दाम वाढवूही नका. धग फार वाढली तर डोळे उघडा, अनवाणी गार फरशीवर चाला, काहीतरी खा, आणि तीन-चार दिवस बसूच नका, काही बिघडत नाही. दोन रात्री झोप लागली नाही, किंवा विचित्र आवाज, भास सुरू झाले तर साधना थांबवून सरळ डॉक्टरांकडे जा. फिट्स, हृदयाचा त्रास किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आणि दुसऱ्याच्या अनुभवाशी तुलना नको. क्षेमराजाचे गुरू अभिनवगुप्त यांनी तंत्रालोक या ग्रंथात शक्तिपाताचे तीव्र-तीव्रपासून मंद-मंदपर्यंत 9 प्रकार सांगितलेत, म्हणजे कुणाला झटक्यात तर कुणाला आयुष्यभर हळूहळू, आणि मला हे वाचून फार धीर आला होता. अनुभव गोळा करायचा नाद लागला की मी ज्ञानेश्वरांचाच अमृतानुभव काढतो, त्यात माउली थेट शिवसूत्रं या काश्मीरच्या शैव ग्रंथाचा दाखला देतात की ज्ञान हेच बंधन, काश्मीरचं शैव सूत्र आपल्या ओवीत आलेलं बघून अजूनही अंगावर काटा येतो.

मी रोज एका वहीत दोनच गोष्टी लिहितो, किती तास झोपलो आणि भूक कशी होती. दिसलेले रंग, प्रकाश वगैरे लिहिणं बंद केलंय. या दोन रकान्यांत सलग तीन दिवस गडबड दिसली की त्या आठवड्यात बसणं पाच मिनिटांवर आणतो.