जाहिरातीतला चेहरा झाकून डबी वाचायची

फेब्रुवारी २०२४ मध्ये बोल्ड केअर या पुरुषांच्या लैंगिक आरोग्याचा माल विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत रणवीर सिंगच्या जोडीला अमेरिकन पॉर्न अभिनेता जॉनी सिन्स दिसला. सासू-सुनांच्या मालिकेची नक्कल होती. लोक हसले आणि एरवी कुजबुजत बोलायचा विषय टपरीवर आला. मॅनफोर्स कंडोमच्या जाहिरातीत सनी लिओनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. असा चेहरा लाज मोडतो, तेवढंच त्याचं काम. पॉर्नच्या धंद्यात कॅमेरा थांबवता येतो, शॉट पुन्हा घेता येतो, चार तुकडे जोडून एक दाखवता येतो. ते बघून आपलं घड्याळ लावायला गेलं की पहिली चूक तिथंच होते. म्हणून ट्यूब हातात आली की चेहऱ्यावर अंगठा ठेवायचा आणि मागची बाजू वाचायची.

पहिल्यांदा काही घ्यायचंच असेल तर ल्युब्रिकंट जेल घ्या. घटकांत सुरुवातीला पाणी किंवा 'अ‍ॅक्वा' असेल तर ते पाण्याचं. डायमेथिकोन असेल तर सिलिकॉनचं. ते जास्त वेळ टिकतं, पण धुताना साबण लागतो. टँकरवर दिवस काढणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. कंडोमसोबत दोन्ही चालतात. खोबरेल, व्हॅसलीन, तूप मात्र अजिबात नाही. तेल लागलं की लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. खोबरेलाची बाटली प्रत्येक घरात हाताशी असते, म्हणूनच ही चूक सगळ्यात जास्त होते.

जेल एक रुपयाच्या नाण्याएवढं तळहातावर घ्या, कोमट होऊ द्या, मग लावा. कंडोम असेल तर तो चढवून झाल्यावर बाहेरून लावा. आत जास्त गेलं तर कंडोम निसटतो. मध्येच चिकट वाटलं तर लगेच आणखी जेल ओतू नका. बोटानं पाण्याचे दोन थेंब द्या, वाळलेलं जेल पुन्हा ओलं होतं.

जळजळ झाली तर दोष अनेकदा ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. ही द्रव्यं जास्त असली की जेल त्वचेच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेनं यासाठी ऑस्मोलॅलिटीचं, म्हणजे जेलमध्ये किती द्रव्य विरघळलंय त्याचं, माप दिलं आहे: ३८० च्या आत उत्तम, १२०० च्या वर नको. योनीसाठीच्या जेलचा पीएच ४.५ च्या आसपास असावा. हे आकडे डबीवर क्वचितच सापडतात. त्यामुळे ग्लिसरीन यादीत पाण्याच्या लगेच मागं असेल तर दुसरी ट्यूब बघा. 'गरम', 'थंड', 'झिणझिण्या' असली विशेषणं असतील तीही ठेवून द्या. नवीन जेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण बरीच जेल शुक्राणूंची चाल मंदावतात.

आता स्प्रे. 'वेळ वाढवणारा' म्हणून जे विकलं जातं त्यात साधारणपणे लिडोकेन असतं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडं वापरतात तसलंच बधिर करणारं औषध. डबीवर दिलेल्या फवाऱ्यांपैकी कमीत कमी आकड्यापासून सुरू करा, सांगितलेली मिनिटं थांबा, मग धुवा. न धुता गेलं तर बायकोही बधिर होते आणि दोघांनाही काही कळत नाही. फवारे वाढवले की संवेदना एवढी जाते की ताठरताच राहत नाही. मग गडी घाबरतो आणि पुढच्या वेळी अजून दोन फवारे मारतो. खरचटलेल्या जागी मारायचाच नाही.

गोळीचं प्रकरण वेगळं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं आहे, मित्रानं दिलेलं पाकीट नव्हे. ते साधारण तासभर आधी घेतात. वरून तर्रीचं मटण झालं असेल तर असर उशिरा येतो. 'गोळी खोटी निघाली' म्हणून दुसरी घेणारे इथंच फसतात. इच्छा नसेल तर गोळी काम करत नाही. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल घ्यायचंच नाही, बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ताठरता चार तासांवर राहिली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

ताठरतेची तक्रार महिनोन्‌महिने टिकली तर आधी साखर आणि बीपी तपासा. मधुमेह किंवा हृदयविकार कधी कधी पहिल्यांदा इथंच दिसतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात हे सांगायला लाजू नका, तिथल्या डॉक्टरांनी याहून अवघड ऐकलेलं असतं.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल तासाभरात गोळीसारखा असर दाखवत असेल तर संशय घ्या. अशा मालात सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे. परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल तर दुकानदाराला परत द्या.

इंटिमेट वॉश, म्हणजे योनीची जागा धुवायचं लिक्विड, बहुतेकींना लागत नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीच घालायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढं जातो आणि कंडोमला ३० अंशांच्या वर ठेवणं सोसत नाही. गाडीची डिक्की, खिशातलं पाकीट, पत्र्याच्या खोलीतली वरची फळी या तिन्ही जागा बाद. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बरा. वेष्टण दाबून बघा: आतली हवा उशीसारखी जाणवली पाहिजे. चपटं झालं असेल तर फेका.

गावातला मेडिकलवाला कोणाचा तरी मेव्हणा निघतोच. तालुक्याला किंवा लातूरला गंजगोलाईच्या बाजारात गेलात की तिथं घ्या. तोंडानं सांगायला जड जात असेल तर मोबाईलवर नाव लिहून दाखवा.

कामशक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं मना आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी चेहरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावा. त्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा, आणि रिकामी डबी लाजेनं उकिरड्यावर फेकू नका; बॅच नंबर तिच्यावरच असतो.