हौशी शोधकाची नवी रहस्यकादंबरी कशी निवडावी आणि कशी वाचावी

रहस्यकादंबरी घेताना बहुतेक वाचक आधी मलपृष्ठ वाचतात, आणि तिथे छापलेल्या मजकुरावरून सहसा काहीच ठरवता येत नाही. एक प्रेत, एक बंद खोली आणि शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवण्याचे आश्वासन एवढेच तिथे असते. ज्यांना पगारी पोलीस अधिकाऱ्यापेक्षा हौशी शोधक अधिक जवळचा वाटतो, त्यांनी निवडीची सुरुवात खुनापासून करू नये. पुस्तक हातात घेतल्यावर आधी एकच प्रश्न विचारावा: या माणसासाठी दार कोण उघडते? पोलिसाला वर्दी दार उघडून देते. हौशी शोधकाकडे वर्दी नसते, झडतीचा अधिकार नसतो, कुणाला चौकीवर बोलावण्याची सोयही नसते. तरीही लोक त्याला घरात का घेतात आणि त्याच्याशी का बोलतात, याचे पटणारे उत्तर लेखकाने पहिल्या काही प्रकरणांत दिले असेल, तर पुढची तीनशे पाने सहसा वाया जात नाहीत.

आपल्या सोलापुरातलेच उदाहरण मनाशी घ्यावे. चादरीच्या दुकानात वर्षानुवर्षे घड्या घालणारा माणूस समोर आलेली चादर आधी उलटी करतो, काठाची वीण अंगठ्याने चाचपतो, दोन्ही हातांवर तोलून वजनाचा अंदाज घेतो आणि मग ती इथल्या मागावरची आहे की बाहेरून आणून सोलापुरी म्हणून खपवलेली आहे, हे सांगतो. गुन्ह्याच्या जागी अशी चादर सापडली, तर पंचनाम्यात 'एक सुती चादर, रंग लाल' एवढीच नोंद होईल. या माणसाला मात्र ती कुठून आली असावी याचा माग तिथेच लागेल. किंवा पूर्व भागातली एखादी शिक्षिका घ्या, जी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी शिकवते, आणि बाजारातले कन्नड व शेजारचे उर्दू जिला सहज समजते. ज्या जिन्यावर चार भाषांत कुजबुज चालते, तिथे तिच्याइतके कुणालाच ऐकू येणार नाही. हौशी शोधकाचे खरे भांडवल हेच असते. तो फार हुशार असावा लागत नाही, पण रोजच्या कामातून आलेली, तपास अधिकाऱ्याकडे नसलेली एखादी नजर त्याच्याकडे असावी लागते. ती नजर कथेत प्रत्यक्ष उपयोगी पडते की नुसती ओळख करून देण्यापुरती सांगितली आहे, हे तपासून पाहावे. बेकरीवाली, ग्रंथपाल किंवा माळी असे व्यवसाय नुसते चिकटवलेली पुष्कळ पुस्तके बाजारात आहेत. त्यांत शोधक पीठ मळत असतो, पण पिठाचा आणि खुनाचा काही संबंध नसतो. अशी पुस्तके परत ठेवण्यात काही नुकसान नाही.

या कसोटीला पूर्ण उतरणारी अलीकडची मालिका म्हणून मी सर्वप्रथम सुजाता मेसी यांच्या परवीन मिस्त्री मालिकेचे नाव घेईन. 2018 साली आलेल्या 'द विडोज ऑफ मलबार हिल' या पहिल्या कादंबरीत 1921 ची मुंबई आहे, आणि परवीन ही वडिलांच्या कार्यालयात वकिली करणारी पारशी तरुणी आहे. एका गिरणीमालकाच्या तीन विधवांनी आपला वाटा दान करून टाकण्याच्या कागदावर सह्या केल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीची सही म्हणजे केवळ फुलीची खूण आहे. जिला वाचता येत नाही, तिला आपण कशावर खूण करतो आहोत हे कुणी सांगितले होते का, ही शंका परवीनला येते. त्या स्त्रिया पडद्यात राहणाऱ्या आहेत. परका पुरुष, मग तो पोलीस असो वा वकील, त्यांच्यासमोर जाऊ शकत नाही. परवीन जाऊ शकते. म्हणजे दार कोण उघडते, या प्रश्नाचे उत्तर इथे सगळ्या कथेचा पाया आहे. परवीनचे पात्र ज्यांच्यावरून सुचले त्यांपैकी एक कॉर्नेलिया सोराबजी. भारतात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्यांचा जन्म 1866 साली नाशिकला झाला, हे लक्षात ठेवून वाचले तर गोडी वाढते. मालिकेतले दुसरे पुस्तक परवीनला सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात नेते, तेही कोल्हापूर एजन्सीच्या, म्हणजे संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश कचेरीच्या, कामासाठी. अक्कलकोटचा राजवाडा पाहिलेल्या वाचकाला त्यातले दरबारी वातावरण फारसे परके वाटणार नाही.

दुसरी निवड रिचर्ड ऑसमन यांची. 2020 च्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या निवृत्तांच्या वसाहतीत राहणारे चौघे जण दर गुरुवारी एकत्र बसून जुन्या, न उलगडलेल्या प्रकरणांच्या फायली वाचतात. त्यांत एक पूर्वीची हेर आहे, एक परिचारिका, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक कामगार पुढारी. इथे दार उघडते ते वय. म्हाताऱ्या माणसांना कुणी धोका समजत नाही, त्यांना चहा दिला जातो, आणि त्यांच्यासमोर लोक नको तेवढे बोलून जातात. गिरणी कामगारांच्या सभा ज्यांनी लहानपणी पाहिल्या, त्या सोलापूरकरांना त्यातला पुढारी रॉन विशेष आवडेल असे मला मनापासून वाटते. हरिणी नागेंद्र या पर्यावरण-अभ्यासक. त्यांच्या 2022 च्या 'द बँगलोर डिटेक्टिव्हज क्लब'मध्ये 1921 च्या बंगळुरूतली, गणिताची आवड असलेली कावेरी ही डॉक्टरची तरुण पत्नी शोध घेते. कोडे तुलनेने सोपे आहे, पण घर, बाग, शेजार आणि कानडी वळण यांमुळे ती आपल्या भागातल्या वाचकाला लवकर आपलीशी वाटते. वसीम खान यांची पर्सिस वाडिया आवडण्यासारखी असली, तरी ती पोलीस निरीक्षक आहे. हौशी शोधकच हवा असेल, तर तिच्याकडे नंतर वळावे.

आपल्याला नेमके काय आवडते हे ठरत नसेल, तर आपल्या जुन्या आवडीकडे पाहावे. ज्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथा उशाशी ठेवून वाचल्या, त्यांना वेग आणि साहस हवे असते. चार म्हाताऱ्यांच्या गप्पांत त्यांचे मन रमेलच असे नाही. फास्टर फेणेवर जीव असलेल्यांना शोधक स्वतः संकटात सापडायला हवा असतो. मधुकर तोरडमल यांनी मराठीत आणलेली अगाथा ख्रिस्ती ज्यांना प्रिय आहे, त्यांना कोडे हवे असते, आणि त्यांनी वर सांगितलेली पहिली दोन नावे निर्धास्त घ्यावीत. ज्यांना सत्यजित राय यांचा फेलूदा आवडतो, ते बहुधा प्रवासासाठी आणि सोबतीसाठी वाचत असतात. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी 1932 मध्ये अवतरला, आणि तो स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवतो. तो शब्द ज्यांच्या मनात घर करून बसला आहे, त्यांनी परवीनपासूनच सुरुवात करावी. इंग्रजी पुस्तकांच्या वर्णनात 'कोझी' हा शब्द आढळला, तर रक्तपात कमी, गाव लहान आणि शोधक बहुधा हौशी, असे समजावे. 'प्रोसीजरल' म्हणजे पोलीस ठाण्याच्या कामकाजावर चालणारी कथा, आणि 'सायकॉलॉजिकल थ्रिलर'मध्ये अनेकदा शोधकच नसतो.

लेखक वाचकाशी प्रामाणिक आहे की नाही, ही दुसरी कसोटी आहे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आलेला असावा, शोधकाला मिळालेला प्रत्येक सुगावा वाचकालाही दिसावा, भुताखेतांनी उलगडा करू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. हे सगळे पाळलेच पाहिजेत असा माझा आग्रह नाही, पण सुगावा लपवणाऱ्या लेखकाला मी दुसरी संधी देत नाही. हे ओळखण्यासाठी शोधक एखादे पत्र वाचतो किंवा खिशातून एखादी वस्तू काढतो, ते प्रसंग पाहावेत. पत्रात काय होते ते न सांगता 'त्याचा चेहरा बदलला' एवढेच लिहिले असेल, आणि असे दोनदा घडले, तर ते पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही.

सोलापुरात पुस्तक मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वाचनालय. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी पुस्तक बदलायला जाताना नव्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि मालिकेतला क्रमांक एका कागदावर नीट लिहून न्यावा आणि मागणी नोंदवावी. 'काहीतरी नवीन रहस्यमय द्या' या मागणीतून ग्रंथपालांना काही करता येत नाही. मालिका नेहमी प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावी, कारण दुसऱ्या पुस्तकात पहिल्यातल्या पात्रांचे नंतर काय झाले ते सहज बोलून दाखवलेले असते. जुनी मराठी रहस्यकथा घेताना शेवटची पाने शाबूत आहेत का, हे जागेवरच पाहावे. तळहाताने मजकूर झाकून फक्त खालचा पृष्ठांक पाहायचा, आणि शेवटचे दोन-तीन अंक सलग असतील तरच पुस्तक घरी न्यायचे. हे काम सोबतच्या माणसाकडून करून घेता आले तर अधिक चांगले.

वाचण्याची पद्धतही सांगतो, कारण अर्धा आनंद तिच्यात आहे. पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी पुस्तकात ठेवावी. तिच्यावर पात्रांची नावे, एकमेकांशी नाते आणि घटनेच्या वेळी कोण कुठे असल्याचे सांगतो, एवढेच लिहावे. इंग्रजी वाचनाची सवय कमी असलेल्यांना ही चिठ्ठी फार उपयोगी पडते, कारण पुष्कळदा अडचण भाषेची नसून नावांची असते. साधारण तीन-चतुर्थांश पुस्तक झाल्यावर थांबावे आणि चिठ्ठीच्या मागे आपले उत्तर लिहावे: कोण, का, आणि कोणत्या तीन सुगाव्यांवरून. नुसते नाव लिहिणे हा अंदाज झाला. सुगावे लिहिले की तो तपास होतो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा हे काम निवांत होते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना मात्र मी शेवटचा भाग कधीच नेत नाही, कारण उलगड्याच्या मधोमध स्थानक आले तर पुस्तकाचा रस जातो.

दोघा-तिघांनी मिळून वाचायचे असेल, तर आठवड्यासाठी एक पृष्ठांक ठरवावा आणि त्यापलीकडचे काहीही बोलू नये, 'पुढे मजा आहे' एवढेसुद्धा नाही. आमच्या घरी भाच्याबरोबर वाचताना हा नियम मोडला गेला, तेव्हा त्याने ते पुस्तक पुन्हा हातात घेतले नाही.

वाचनालयाचे पुस्तक हे पुढच्या वाचकाचेही असते. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत बाविसाव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून कुणीतरी 'हाच' असे लिहून ठेवले होते. मी ते पुस्तक पूर्ण वाचले, पण शोध घेण्याचे सुख त्या एका शब्दाने हिरावून नेले होते. तेव्हापासून मी पुस्तक परत करण्याआधी ते उलटे धरून पाने झटकतो आणि उत्तर लिहिलेली चिठ्ठी आत राहिली नाही ना, हे पाहतो.