माणदेशात सायकल: काटा, वारा आणि आडरस्ते

पावसाळा लागला की सायकली ताम्हिणी-वरंध्याकडे वळतात आणि त्यांच्यामागे मोटारींची रांग लागते. त्याच दिवसांत माणदेशातल्या दहिवडी-म्हसवड-आटपाडी पट्ट्यातले रस्ते रिकामे असतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माणदेशात पाचशेच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा. म्हणून जूनअखेर ते ऑगस्टअखेर इथे ढग असतात, गारवा असतो आणि रस्ता बहुतेक कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा इकडे सायकल आणूच नये.

तारीख आषाढी एकादशीनंतरची धरा. त्याआधी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते हा सगळा रस्ता माउलींच्या पालखीचा असतो. वाहतूक वळवलेली असते आणि मुक्कामाला जागा मिळत नाही.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच ठेवा. या महिन्यांत वारा पश्चिमेचा असतो, दहा-अकरानंतर वाढत जातो आणि दुपारी सर्वांत जोरात वाहतो. माळावर त्याला अडवायला झाड नसतं. उलट दिशेने निघालात तर सपाट रस्त्यावरही ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जाणं मुश्कील. फलटणहून मोगराळे घाट चढून दहिवडी, तिथून माण नदीच्या सोबतीने म्हसवड, राजेवाडीचा ब्रिटिश काळातला तलाव, दिघंची, आटपाडी आणि शेवटी सांगोला. आतल्या रस्त्यांनी हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरतं. तीन दिवस ठेवा. दोन दिवसांतही होतं, पण मग शिखर शिंगणापूरचा चढ सोडावा लागतो.

आता काट्यांकडे. नवख्याची सहल मोडते ती चढामुळे नाही, काट्यामुळे. इथे तीन प्रकार भेटतात. बाभळीचा काटा पांढरा, सरळ आणि बोटभर लांब असतो. शेताला कुंपण घालायला फांद्या तोडून रस्त्यावरून ओढत नेतात, तेव्हा तो डांबरावर सांडतो. वेड्या बाभळीचा काटा आखूड पण चिवट, आणि ती रस्त्याच्या दोन्ही कडांना माजलेली असते. तिसरा सराटा. जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचं हे फळ पाऊस सरता सरता वाळून कडक होतं आणि टायरला चिकटून चाकाबरोबर फिरत राहतं.

म्हणून मोटारींच्या चाकोरीतूनच चालवा, तिथले काटे आधीच चिरडलेले असतात. थांबायचं झालं तर सायकल बाजूपट्टीच्या मातीत ढकलू नका, उचलून न्या. निम्मी पंक्चरं फोटो काढायला थांबल्यावरच होतात.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचं, आत काटारोधक पट्टी असलेलं घ्या. चालवणारा ७५ किलोचा आणि सामान १२ किलोच्या आत असेल तर ३५ मिलिमीटरला मागे ५५-६० आणि पुढे ४५-५० पीएसआय हवा पुरते. कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची टेप सरकलेली असते. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात ६० मिलिलिटर सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घाला आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा, उष्णतेने ते वाळतं. टायरमध्ये रुतलेला काटा दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका. गावात पोचल्यावर बघा.

ट्यूबवाल्यांची नेहमीची चूक वेगळीच. ट्यूब बदलतात, निघतात आणि शंभर मीटरवर पुन्हा बसकण. काट्याचं टोक टायरमध्येच तुटून राहिलेलं असतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. टोक असेल तिथे कापूस अडकतो. टोक बाहेर दिसत नसेल तर बाहेरून दाबा आणि आतून चिमट्याने ओढा. ठिगळ लावताना ट्यूब पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झाल्यावरच ठिगळ बसवा. ओल्यावर लावलेलं ठिगळ दुपारच्या उन्हात सरकतं. सोल्यूशनची ट्यूब नवी, न उघडलेली न्या. एकदा उघडलेली महिन्याभरात आतच सुकते.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटारसायकलच्या वाल्व्हची. तुमचा बारीक प्रेस्टा वाल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर जवळ हवाच. २६ इंची ट्यूब तालुक्याला मिळते, ७००सीची (त्याहून मोठ्या चाकाची) मिळेल या भरवशावर राहू नका. अडचणीत २६ इंची ट्यूब ताणून ७००सीमध्ये बसते, पण तिचा जाड वाल्व्ह बारीक भोकाच्या रिममधून जात नाही. तेव्हा दोन ट्यूब, आठ-दहा ठिगळं, पंप, टायर उतरवायच्या तीन लिव्हर, साखळीची जोडकडी, साखळी तोडायचं हत्यार, ब्रेक आणि गिअरची एकेक केबल, आपल्या मापाचे तीन स्पोक, आणि सर्वांत महत्त्वाचा गिअरचा हँगर. मागचा गिअर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो हा अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो, गिअर स्पोकमध्ये जातो आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. सुटा हँगर नसेल तर साखळी तोडून आखूड करा, मधल्या दातरीवर सरळ बसवा आणि एकाच गिअरवर पुढचं गाव गाठा.

रस्ता निवडताना मैलाच्या दगडाचा रंग बघा. वरचा भाग पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, नारिंगी म्हणजे ग्रामसडक योजनेचा रस्ता. आपल्याला नारिंगीच हवा. त्यावर वाहनं तुरळक असतात. मोबाइलचा नकाशा मात्र जवळचा रस्ता म्हणून पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत घालतो. मुरमाड पाणंद चालून जाते. नदीकाठची काळी माती एका सरीतच टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिकटते आणि चाक जाम होतं. तशात पेडल मारू नका, काडीने माती काढा, नाहीतर तोच हँगर पुन्हा. नकाशा आधीच उतरवून ठेवा, वस्त्यांच्या अधेमधे रेंज जाते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. इथे कोरडं असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झालेला असतो, आणि ओढा चढतो तसाच तास-दोन तासांत उतरतो.

पाणी तीन लिटर बाळगा. गावात ‘पिण्याचं आहे ना?’ एवढं विचारूनच भरा, कारण टाकीतलं सगळंच पाणी पिण्याचं नसतं. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान गावातली हॉटेलं बाजाराचा दिवस सोडून अनेकदा बंद असतात. त्यामुळे शेंगदाणे, गूळ, खजूर खिशात ठेवा आणि जेवण तालुक्याच्या गावीच आखा. खानावळीत बाजरीची भाकरी मिळाली तर घ्याच. हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) मिळालं तर नशीब.

कुत्री हा खरा त्रास. दिवाळीनंतर बरेच मेंढपाळ कळप घेऊन परमुलखात जातात, पण पावसाळ्यात ते आपल्याच माळावर असतात आणि कुत्री कळप राखतात. जोरात पळवाल तर ती पाठ धरतात. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत राहा आणि मेंढक्याला हाक द्या. मेंढरं समोरून आली तर घंटी वाजवू नका. कळप बिथरतो, आणि मग बोलणी खावी लागतात.

मुक्कामासाठी शिंगणापूर, म्हसवड, खरसुंडी या देवस्थानांच्या गावी आधी चौकशी करा. इतरत्र शाळेचा व्हरांडा मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना विचारूनच, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालून. ‘काका, रात्रीपुरतं टेकायला जागा मिळेल का?’ हे दिवस मावळायच्या आत विचारावं, अंधार पडल्यावर नव्हे. नदीच्या पात्रात तंबू नको. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतो. साप चावला तर बांधाबांधी, चिरणं, चोखणं काही नको. हातपाय स्थिर ठेवा आणि १०८ लावा.

सांगोल्याहून मिरज-कुर्डुवाडी मार्गावरची रेल्वे आहे, पण लहान स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. सायकल सामानात द्यायची तर वेळेच्या बरीच आधी स्थानकावर जाऊन बुकिंगचं विचारा. एसटीने जायचं तर दोन्ही चाकं आणि पेडल काढा, हँडल आडवं फिरवून बांधा आणि वाहकाला आधी विचारून सामानाचं तिकीट घ्या. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. फ्रेम ठेवताना गिअरची बाजू वर राहू द्या.