‘कन्स्पिक्युअस’ हे इंग्रजी विशेषण कसे वापरावे
‘कन्स्पिक्युअस’ म्हणजे सहज नजरेत भरणारा; उच्चारताना जोर ‘स्पिक’वर द्यावा. मूळ लॅटिन क्रियापद पाहण्याचे असल्यामुळे हा शब्द प्रामुख्याने डोळ्यांशी बांधलेला आहे, आणि येथेच विद्यार्थ्यांची गल्लत होते: जे विचाराने सहज पटते, त्याला ‘ऑब्व्हिअस’ म्हणावे. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांमध्ये पैठणी नेसून, नथ घालून आलेली स्त्री ‘कन्स्पिक्युअस’ ठरते; मात्र तीच लग्नमांडवात इतर पैठण्यांमध्ये बसली, तर हे विशेषण लागू पडत नाही, कारण लक्ष वेधले जाते ते भोवतालापासूनच्या वेगळेपणामुळे.

स्तुती की निंदा, हे पुढील नाम ठरवते. परमवीर चक्राच्या निकषांत शौर्याला हेच विशेषण लावले आहे, तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगासाठी तेच योजले. विरुद्धार्थी शब्द ‘इन्कन्स्पिक्युअस’.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘बाय’ आणि ‘ॲब्सेन्स’ यांसह होणारा प्रयोग: ‘कन्स्पिक्युअस बाय हिज ॲब्सेन्स’, म्हणजे गैरहजेरीमुळेच लक्षात येणारा. गडकरी रंगायतनात प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसणारे आजोबा एखाद्या दिवशी आले नाहीत आणि त्यांची उणीव सर्वांना जाणवली, तर तेथे हाच वाक्प्रयोग करावा.