या चुका टाळा: प्रौढांच्या वर्गातली मॉक ड्रिल कुठे फसते

आग लागली तर बाहेर कसं पडायचं याचा सराव, म्हणजे मॉक ड्रिल. आमच्या पहिल्या ड्रिलला घंटा वाजली आणि कुणी उठलंच नाही. एक अक्का शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणाल्या, "सुटी झाली का ओ मॅडम?" दुसऱ्या म्हणाल्या, "एवढी शिवण मारते नि येते." एकतीस जणांना पहिल्या मजल्यावरून खाली यायला पाच मिनिटांच्या वर लागली. शेवटी आलेले काका चहाचा कप हातात घेऊन आले.

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी सात ते नऊ आमचा वर्ग भरतो. एका खोलीत साक्षरता, दुसरीत शिवण, तिसरीत चार कॉम्प्युटर. विडी वळून आलेल्या बायका, यंत्रमागाची पाळी संपवून आलेले पुरुष. खाली मोबाइलचं दुकान आणि टॉवेलचं गोडाऊन. शहरात असे वर्ग, क्लास आणि अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे आम्ही केलेल्या चुका बऱ्याच जणांच्या उपयोगी पडतील.

मूळ चूक एकच होती. शाळेच्या ड्रिलचा कागद आम्ही जसाच्या तसा उचलला. पोरं शिट्टी वाजली की रांग करतात. तीस वर्षं घर चालवलेली बाई शिट्टीवर उठत नाही. ती आधी बघते की खरंच काही झालंय का, मग शेजारणीकडे बघते, मग पिशवी उचलते. हा वेळ धरूनच ड्रिल आखावी लागते.

सकाळी अकराला ड्रिल घेणं

पाहुणे सकाळी मोकळे असतात म्हणून ड्रिल सकाळी ठेवली जाते. वर्ग मात्र रात्री असतो. तेव्हा खालचं दुकान अर्धं शटर ओढून बसलेलं असतं, जिन्यातला दिवा गेलेला असतो आणि बाजूचं जाळीचं गेट वॉचमन कुलूप लावून जेवायला गेलेला असतो. यातलं काहीच अकरा वाजता दिसत नाही. वर्गाच्याच वेळेला ड्रिल घ्या आणि एकदा तरी दिवे बंद करून घ्या. आमच्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, हे आम्हाला अंधारातच कळलं. आता तिच्यावर पांढरा पट्टा आहे आणि वळणावर चार्जिंगचा दिवा.

पहिली ड्रिल सांगून घ्या, पुढची न सांगता. पण खालच्या दुकानदारांना आणि शेजाऱ्यांना आधी कळवा, नाहीतर कुणीतरी खरोखर अग्निशमन दलाचा 101 फिरवतं.

जिना: चपला, गाड्या आणि मीटर

एकतीस माणसं म्हणजे बासष्ट चपला, आणि त्या सगळ्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी. घाईत माणूस तिथे थांबून आपलाच जोड शोधतो. दुसऱ्या ड्रिलला आमची अख्खी रांग याच ढिगाऱ्यापाशी अडली. दोन जणी वाकून चपला शोधत होत्या आणि मागचे त्यांच्या पाठीवर येत होते. आता चपला आत, भिंतीलगतच्या रॅकवर असतात. ड्रिलला सगळे अनवाणीच उतरतात. सुरुवातीला लोक कुरकुरले, मे महिन्यात रस्ता तापलेला असतो हेही खरं. पण आमचा वर्ग रात्रीचा, त्यामुळे निभावलं.

जिन्याखाली लावलेल्या मोटारसायकली हा दुसरा प्रश्न. तिथेच इमारतीचे सगळे मीटर, वायरींचा गुंता, आणि खाली पेट्रोलच्या टाक्या. आग खाली लागली तर धूर जिन्यातूनच वर येतो, कारण जिना म्हणजे सरळ धुराडं. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये 24 मे 2019 ला हेच झालं. वरच्या मजल्यावर क्लासला बसलेल्या मुलांची वाट बंद झाली, त्यांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या आणि 22 जीव गेले. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत 18 मे 2025 च्या पहाटे टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जण गेले, ते तर घराघरात माहीत आहे. सूत आणि टॉवेल कसे पेटतात आणि किती धूर करतात, हे या शहराला वेगळं सांगायला नको. तरीही जिन्याखालच्या गाड्या हलवायला आम्हाला तीन महिने लागले. दुकानदाराशी भांडून काही झालं नाही. त्याचा स्वतःचा मुलगा आमच्या कॉम्प्युटर वर्गाला येऊ लागला, तेव्हा जागा मोकळी झाली.

जिना धुरानं भरलेला दिसला तर त्यात उतरू नये आणि वरही पळू नये. खोलीत परत या, दार लावून घ्या, फटीत ओलं कापड कोंबा आणि रस्त्याकडच्या खिडकीतून हाका मारा. जिन्यात धूर नसताना गच्चीवर जायचं ठरवून ठेवलं असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते आत्ताच विचारा. आमची मालकाच्या घरी होती, विजापूर रोडला. आणि ओल्या रुमालावर फार विसंबू नका. तो काजळी थोडीफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. खाली वाकून, जमिनीलगतच्या हवेतून सरकणं जास्त कामाचं.

"थांबा की ओ, पिशवी घेते"

मोठ्या माणसाच्या पिशवीत त्याचं जग असतं. विडीच्या हिशेबाचं पुस्तक, रेशन कार्ड, घराची किल्ली, दिवसाची मजुरी. "सामान सोडा" असं सांगून ती सुटत नाही. दोन ड्रिलला ओरडून बघितलं आणि नाद सोडला. आता नियम उलटा केलाय: पिशवी कोपऱ्यात ढीग करून ठेवायची नाही, आपल्या खुर्चीलाच अडकवायची. उठताना हाताला लागली तर लागली, दारापलीकडून मात्र परत फिरायचं नाही. मोबाइल दूरच्या सॉकेटला चार्जिंगला लावणंही बंद केलं, कारण तो घ्यायला माणूस हमखास उलटा पळतो.

लेकरांचं त्याहून अवघड. शिवणाच्या वर्गाला बायका मुलं घेऊन येतात आणि ती मागच्या कोपऱ्यात खेळतात. घंटा झाली की सगळे दाराकडे आणि आया मागे, अशी रेटारेटी होते. मुलांची सतरंजी दाराजवळ आणली आणि हा प्रश्न एका दिवसात मिटला. इतकं साधं आधी का सुचलं नाही, याचं आजही नवल वाटतं.

वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्या

ही चूक लिहिताना मलाच लाज वाटते. जिथे माणसं अक्षर शिकायला येतात, तिथे आम्ही इंग्रजीतली एक्झिटची पाटी लावली होती आणि सूचनांचा बारीक टायपातला कागद. पळत्या माणसाचं चित्र असलेली हिरवी पाटी लावा, बाण डोळ्यांच्या उंचीवर आणि खाली जमिनीजवळही काढा. आम्ही अजून एक केलं. उल्लास या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमातून आलेल्या गटाला पहिल्या काही शब्दांतच "बाहेर", "जिना", "दार" आणि "आग" शिकवले. आता ते शब्द भिंतीवर आहेत आणि वाचले जातात.

बोलण्याचंही तसंच. आमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू, काही ठिकाणी कन्नड. घाबरलेल्या माणसाला आईच्या भाषेतली हाक आधी पोचते. म्हणून हाक तीनदा देतो: "बाहेर चला", "बयटकु रंडी", "होरगे बन्नी". शिकवणाऱ्यांनी ही पाठ केली आहे. त्यांच्या उच्चारांवर वर्ग मनसोक्त हसतो, हसू देत.

मोजणी चुकते ती बाहेर आल्यावर

आमच्यात कुणी साडेसातला येतं, कुणी पावणेनऊला निघतं, आणि हजेरी शेवटी घेतली जायची. एका ड्रिलला चार जणी कमी भरल्या. वीस मिनिटं शोधल्यावर कळलं, त्या जिना उतरून परस्पर घरी गेल्या होत्या. खरी आग असती तर बंबावरची माणसं धुरात शिरून त्यांना शोधत राहिली असती आणि या घरी भाकरी थापत असत्या.

आता दाराशी एक छोटा फळा आहे. आत येताना खडूनं एक रेघ मारायची, जाताना एक पुसायची. लिहिता येत नसलं तरी रेघ मारता येते. शिवाय जोड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या मावशींबरोबर एक तरणी, गरोदर असेल तिच्याबरोबर एक. जमायची जागा फाटकासमोर ठेवू नका, तिथे बंब उभा राहायचा असतो. आम्ही गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या पारावर जमतो आणि नाव घेतल्याशिवाय कुणी हलत नाही.

लाल सिलिंडर

आग विझवायचा हा सिलिंडर बहुतेक ठिकाणी कपाटामागे, कॅलेंडरखाली असतो. त्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजनावर तपासतात. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. भुकटी काही सेकंदच पुरते, म्हणून कागदाच्या टोपलीएवढी आग असेल तरच आणि पाठीशी दार असेल तरच हात घाला. विजेच्या बोर्डावर पाणी नको, आधी मेन स्विच. कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू न देता जमिनीवर लोळवा. जाड सुती सोलापुरी चादर गुंडाळली तरी चालते, आमच्या शिवणाच्या खोलीत एक खुंटीवरच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. भाड्याच्या जागेत मालक म्हणतो भाडेकरूनं करायचं, भाडेकरू म्हणतो मालकानं. कायदा मालक आणि वापरणारा, दोघांकडे बोट दाखवतो. हे करारातच लिहून घ्या.

शेवटची चूक फोनची. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं लावला असेल. दर वाराचा एक माणूस ठरवा. आमच्या एका ताईंनी सरावात 101 ला काय सांगायचं ते सांगितलं: "आमच्या क्लासला आग लागली, लवकर या." कुठला क्लास, कुठली पेठ, कितवा मजला, आत किती जण, काहीच नाही. मग पूर्ण पत्ता आणि जवळची खूण फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि भोवती चौकट काढून "पुसू नये" लिहिलं. दर आठवड्याला कुणीतरी पुसायचंच. आता भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून घेतलंय.