कॅरममध्ये रडीचा डाव नक्की कशाला म्हणायचा आणि तो कसा ओळखायचा

मे महिन्यात सगळी भावंडं जमली की कॅरम निघतो आणि अर्ध्या तासात कुणीतरी ओरडतंच, "ए चीटिंग करू नकोस हां". माझ्या मते यातली निम्मी भांडणं चीटिंगची नसतातच, पुण्याच्या घरचा नियम एक आणि गावच्या घरचा दुसरा, एवढंच असतं. म्हणून पावडर टाकायच्या आधी दोन मिनिटं बोलून घ्या. काळी सोंगटी 10, पांढरी 20, राणी (लाल सोंगटी) 50 असं खेळायचंय की मॅचसारखं 25 पॉइंटचं? अंगठ्याने मारलेलं चालेल का? बऱ्याच घरांत अंगठा चालत नाही, पण इंटरनॅशनल कॅरम फेडरेशनच्या नियमांत चालतो, त्यामुळे आधी ठरलं नसेल तर अंगठ्याने मारणाऱ्याला चीटर म्हणणं अन्याय आहे. बेस लाईनच्या (स्ट्रायकर लावायच्या रेषांच्या) मागची सोंगटी सरळ मारायची का, हेही आधीच ठरवा, सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात.

आता खरी चीटिंग. पहिली म्हणजे ढकलणं. स्ट्रायकर टिचकीने मारायचा असतो, बोट त्याला चिकटवून पुढे न्यायचा नाही, आणि हे ओळखायला सोपं आहे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही तर बोटाकडे बघा, बोट स्ट्रायकरसोबत रेषेच्या पुढेपर्यंत गेलं तर ते ढकलणंच. लहान मुलं करतात ते मुद्दाम नसतं, त्यांना ओरडू नका, टिचकी कशी मारायची ते दाखवा.

दुसरं रेषेचं. स्ट्रायकर बेस लाईनच्या दोन्ही रेषांना टेकलेला हवा, आणि टोकाच्या लाल गोलावर लावायचा तर गोल पूर्ण झाकायचा, नाहीतर त्याला अजिबात शिवायचं नाही. अर्धा गोल झाकून अँगल मिळवणारे खूप असतात. मारायच्या आधी टोका, मारून झाल्यावर टोकलं की भांडण ठरलेलं.

जमिनीवर बसून खेळताना सरकत सरकत पार कोपऱ्यापर्यंत जाणारे पण असतात, मॅचमध्ये बोर्ड (म्हणजे एक डाव) चालू असताना खुर्ची हलवता येत नाही, तोच नियम घरी पण लावा.

राणीचा हिशोब नीट लक्षात ठेवा. मॅचच्या नियमात स्वतःची एक तरी सोंगटी आधी गेलेली हवी, मग राणी घेता येते, आणि लगेच पुढच्या शॉटला कव्हर द्यावं लागतं, म्हणजे स्वतःची एक सोंगटी घालवावी लागते, नाही दिलं तर राणी परत मध्ये. "अरे मी दिलेलं ना कव्हर मगाशी" असं दोन टर्ननंतर म्हणणं मला अजिबात आवडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते गप्प बसणं. शर्टाची बाही लागून सोंगटी हलली, कुणी बघितलं नाही आणि आपण तसंच खेळलो, किंवा स्ट्रायकर पॉकेटात गेला तेव्हा ड्यू (दंड म्हणून परत ठेवायची सोंगटी) द्यायला आपली एकही सोंगटी गेलेली नव्हती, नंतर गेली तेव्हा समोरचा विसरलाय आणि आपल्याला आठवतंय. चुकून हात लागणं ही चीटिंग नाही, ते लपवणं ही चीटिंग. आमचा मामा लगेच "हात लागला रे माझा" म्हणायचा आणि सोंगटी होती तिथे ठेवायला समोरच्यालाच सांगायचा, त्यामुळे त्याच्याशी खेळताना कुणाचं कधी वाजलंच नाही.

आणि सोंगटी नक्की कुठे होती यावर एकमत होतच नसेल तर न खेळणाऱ्या कुणाला तरी विचारा, तोही बघत नसेल तर बोर्ड मोडा आणि परत लावा, जिंकत असणाऱ्याला वाईट वाटेल पण नवीन बोर्डला दहा मिनिटं लागतात आणि अबोला दोन दिवस चालतो.